बाबीन मलकेरिनची अनवाणी घोडी

बाबीन मलकेरिनने आयुष्यात तीन माणसांवर हात उचलला, असं आमच्या द्रिमीन गावात सांगतात. ते खोटं आहे. पाच जणांवर उचलला, आणि त्यातला एक मी आहे. माझा खालचा एक दात तिने पाडला. मला राग आला नाही असं नाही, पण तिची बाजू मला ठाऊक होती. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक दगडी गडगा आहे आणि त्या गडग्यावरून मी तिचं सगळं आयुष्य बघत आलोय.

ती अकरा वर्षांची होती, भाऊ फेस्टी चार वर्षांचा. त्यांचा बाप बार्टली किनाऱ्यावरचं शेवाळ शेताला खत म्हणून वाहून आणायचा. त्यासाठी त्याच्याकडे एक थोराड तांबडा घोडा होता. सडकेवर रोज ओझं ओढायचं म्हणून त्याच्या चारी पायांना नाल होते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी बार्टली मागचा पट्टा सोडवायला वाकला आणि घोड्याने लाथ झाडली. कशाने बिथरला, कोणास ठाऊक. नालाची कड बार्टलीच्या कानाच्या वर बसली.

घराचं दार बिजागरीवरून काढून त्यावर त्याला निजवलं. तीन तास तो जिवंत होता, पण बोलला नाही. डॉक्टर पोचला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो हात धुता धुता बाबीनच्या आईला म्हणाला, घोडा अनवाणी असता तर एखादं हाड मोडलं असतं, बार्टलीने चार शिव्या हासडल्या असत्या आणि चहा प्यायला घरात गेला असता. लोखंडाने घात केला. डॉक्टर सहज बोलून गेला असेल. पण ज्या दाराच्या जागी आता नुसती चौकट होती, त्या चौकटीत बाबीन उभी होती.

दुपारी तिच्या काकाने घोड्याला गडग्यामागे नेऊन गोळी घातली. तो गार व्हायच्या आत ही अकरा वर्षांची पोरगी पक्कड घेऊन त्याच्या पायांशी बसली. चारी नाल तिने उपसून काढले आणि दलदलीत भिरकावले. मी तेरा वर्षांचा होतो, मदतीला पुढे झालो, तर तिने पक्कड माझ्यावरच उगारली. त्या दिवसानंतर मलकेरिनांच्या अंगणात नाल ठोकलेलं जनावर कधी आलं नाही. पाहुण्याची घोडी असली तरी फाटकाबाहेर बांधावी लागे.

आता नालाशिवाय घोडी ठेवायची म्हणजे काय, हे आमच्या पावसात राहिल्याशिवाय कळत नाही. ऑगस्टात जे लागतं ते मार्चपर्यंत ओसरत नाही. दलदलीत उभे राहून राहून खूर पाण्यात पडलेल्या पावासारखे होतात. तळव्याच्या मधली पुतळी सडते, तिला असा वास येतो की जेवणावरची वासना जाते. दगड रुतला की आत मुका मार बसतो, मग गळू होतं आणि जनावर तीन पायांवर उभं राहतं.

बाबीनकडे पाच-सहा करड्या घोड्या असायच्या. एक दिवसाआड ती प्रत्येकीचा प्रत्येक पाय उचलायची, वाकड्या सुरीने घाण कोरायची, सडलेलं कापून टाकायची, मिठाच्या कढत पाण्याने ब्रशने घासायची आणि वर डांबर फासायची. तीन आठवड्यांनी कानस मारून कडा गोल करायची. आणि आठवड्यातून दोनदा, ओहोटीच्या वेळी, सगळ्यांना किनाऱ्यावरच्या गोट्यांवरून, गुडघाभर खाऱ्या पाण्यातून समोरच्या बेटापर्यंत हाकलत न्यायची आणि भरती चढायच्या आत परत आणायची. मीठ कूज मारतं आणि दगड तळवा कणखर करतो. आमच्याकडची ही जुनी रीत. पूर्वी घरोघरी करायचे, ट्रॅक्टर आल्यावर सगळे विसरले. बाबीन विसरली नाही. पण भरती कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे तिच्या हातात कायम हेझलची काठी असायची आणि ती काठी दयामाया जाणत नव्हती.

फेस्टी नेमका उलटा. दोघांनीही लग्नं केली नाहीत, एकाच घरात राहिले, आणि एकाच आईच्या पोटची ही दोन माणसं असतील असं कोणाला वाटलं नसतं. कोंबडी कापायची वेळ आली की फेस्टीला हटकून दुसऱ्या गावी काम निघायचं. बापाची त्याला आठवण नव्हती, म्हणून नालाची भीतीही नव्हती.

ज्या वर्षी वाऱ्याने शाळेचं छप्पर नेलं, त्या वर्षीची ही गोष्ट. बाबीन तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. जुलैपासून पाऊस होता. बाबीनची सगळ्यात चांगली घोडी लीआ, आठ वर्षांची, तिचे खूर त्या सप्टेंबरात पार गेले. सडकेच्या खडीवर ती पाय टेकायची तेव्हा बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. बाबीनने उपाय सोडला नाही. उलट आठवड्यातून दोनदाच्या जागी चारदा किनाऱ्यावर नेऊ लागली. लीआ गोट्यांपाशी येऊन थांबायची, मान खाली घालायची आणि बाबीन तिच्या पुठ्ठ्यावर काठी ओढायची. सपासप आवाज माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. फेस्टी म्हणाला, तिला आत बांधू, समुद्रावरची शिंपल्यांची वाळू आणून खाली पसरू, कोरड्यावर पाय आपोआप बरे होतील. बाबीन म्हणाली, टोपल्या वाहायला तुझा आजा येणार आहे का? त्याने काठी धरली, तर तिने ती त्याच्या हातातून हिसकून त्याच्याच पाठीवर मोडली. दुसऱ्या दिवशी नवी तोडून आणली.

ऑक्टोबर संपता संपता फेस्टी गडग्यापाशी आला. पाऊस टोपीवरून गळत होता.

"कोलमन," तो मला म्हणाला, "ती दगडावर पाय ठेवताना डोळे मिटते रे. मला नाही बघवत."

"मग नको बघूस."

"गुरुवारी तू त्या पलीकडच्या गावच्या म्हाताऱ्याच्या मयताला चाललायस ना? बाबीनला ने बरोबर. आणि चहाला थांबव. जितकं थांबवता येईल तितकं."

"आणि तू काय करणार?"

"मी लीआला मॅनियनकडे नेतो."

मॅनियन म्हणजे आमचा नालबंद. मी फेस्टीला म्हटलं, बाबीन तुला सोलून काढेल. तो म्हणाला, "सोलू दे. मला निदान ओरडता येतं. घोडीला तेही येत नाही."

मी हो म्हटलं. का म्हटलं याचा विचार मी पुष्कळ केलाय. मलाही ते सपासप ऐकवत नव्हतं, हे एक. आणि बाबीन दर वेळी बरोबर कशी काय असते, याचा थोडा रागही होता.

मयत एक्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याचं होतं, त्यामुळे रडारड कमी आणि खाणं जास्त होतं. मी बाबीनला तीन कप चहा पाजला, थंड मांस वाढलं, जपमाळेला बसवलं आणि शेवटी म्हाताऱ्याच्या मुलीपाशी नेऊन आमचं नातं कुठून लागतं ते विचारलं. त्यात तासभर गेला. ती सारखी खिडकीकडे बघत होती, आजची ओहोटी गेली म्हणून चरफडत होती.

परतताना चार वाजले होते, अजून उजेड होता. फाटकापाशी तिने गाडी थांबवायला सांगितली. चिखलात खुरांचे ठसे होते. जाताना अनवाणी, येताना कडा धारदार. ती खाली उतरली, एका ठशात दोन बोटं घातली आणि त्याची कड चाचपली. मग मागे न बघता तिने विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी गाडीतून उतरून तिच्यापाशी गेलो. माझा दात गेला तो तेव्हा.

फेस्टी अंगणात घोडी धरून उभा होता. पळाला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. बाबीनने ओल्या दोराचं टोक हातावर गुंडाळलं आणि त्याला मानेवर, खांद्यांवर, तोंडावर मारत सुटली. त्याने हात वर केला नाही. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. मी रक्ताळलेला रुमाल तोंडाला लावून मध्ये पडायला गेलो, तर दोराचा एक फटका मलाही मिळाला.

"मार," फेस्टी म्हणाला, "पण आधी बघ."

त्याने लीआला सडकेवर काढलं आणि खडीवरून चालवत नेलं. घोडी ताठ मानेने चालली. दोन महिन्यांत ती अशी चालली नव्हती. फेस्टी तिला वळवून परत घेऊन आला, तर चक्क दुडकी धरली. बाबीन बघत राहिली. नाल काढायला तिने पक्कड हातात घेतली होती. ती तिने भिंतीपाशी टाकली.

"रविवारपर्यंत," ती म्हणाली आणि घरात गेली.

तिने पुढे मला सांगितलं, की आयुष्यात ती एकदाच मऊ पडली आणि ते त्या दिवशी.

मॅनियनने काम वाईट केलं नव्हतं. पण भिजलेल्या खुरात खिळा धरत नाही. धरावा म्हणून त्याने खिळे नेहमीपेक्षा थोडे वर ठोकले, आणि पुढच्या उजव्या पायातला एक जिवाळीला, खुराच्या आतल्या जिवंत मांसाला, जाऊन भिडला. शुक्रवार चांगला गेला. शनिवारी लीआने खाणं सोडलं. रविवारी सकाळी मी चर्चला जायचे कपडे घालत होतो तेव्हा बाबीनने गडग्यावरून हाक मारली. माझा ओठ अजून सुजलेला होता आणि मी तिच्याशी बोलणार नव्हतो, पण त्या हाकेला नाही म्हणता आलं नसतं.

घोडी तीन पायांवर उभी होती, घामाने न्हालेली, थरथरत. पुढच्या खुराला हात लावला तर चटका बसला. समुद्रावरून असा वारा सुटला होता की बोललेलं तोंडातच परत येत होतं. बाबीन म्हणाली, चारी काढणार, आत्ताच. मी म्होरकी धरली. फेस्टीने खांदा टेकवून घोडीला भिंतीशी दाबलं. बाबीनने दुखरा पाय आपल्या गुडघ्यांत घेतला आणि खिळे उपसले. शेवटच्या खिळ्याबरोबर काळा पू चिळकांडीसारखा उडाला, तिच्या तोंडावर. घोडी किंचाळली. घोडं किंचाळतं तेव्हा माणसाच्या किंचाळण्यात आणि त्यात फार फरक नसतो. बाबीनने तोंड बाहीला पुसलं, सुरीने भोक मोठं केलं, पू वाहू दिला आणि दुसऱ्या पायाकडे वळली. पुढचा डावा निघाला. मागचा उजवा निघाला, पण त्यात घोडीने तिला दोनदा भिंतीवर चेंगरलं आणि तिच्या बोटाचं नख उलटलं.

मागचा डावा राहिला.

"ठोकून मी आणलेत," फेस्टी म्हणाला. "शेवटचा मी काढतो."

बाबीनने त्याच्याकडे बघितलं. त्याची भुवई अजून काळीनिळी होती. ती नाही म्हणाली असती तर आज त्याचा जबडा धड असता. पण तीन दिवसांपूर्वी तिने त्याला मारलं होतं, आणि मला वाटतं ते तिला आतून खात होतं. तिने पक्कड दिली. "तिला चिकटून उभा राहा," ती म्हणाली, "लांब राहिलास तर लाथेला जोर मिळतो."

तो चिकटूनच उभा होता. दोन खिळे त्याने काढलेही. तेवढ्यात माझ्या गोठ्याचा पत्रा उडाला. दोन आठवडे तो फडफडत होता आणि मी रोज उद्या ठोकतो म्हणत होतो. तो गडग्यावर आपटला, तिथून अंगणात आला आणि खडखडत घोडीच्या पायांशी पडला. तिने मला म्होरकीसकट उचलून फेकलं. फेस्टी दोन पावलं मागे कोलमडला, म्हणजे नेमका तिथे, जिथे लाथेला जोर मिळतो.

आवाज मोठा झाला नाही. सुकी फांदी मोडावी एवढाच. मी उठून बघितलं तेव्हा फेस्टी चिखलात गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या तोंडाचा खालचा भाग जागेवर नव्हता. दात त्याच्या छातीवर पडले होते. रक्त पावसात लगेच पातळ होत होतं.

बाबीनने हातोडा उचलला. ती घोडीकडे गेली, तिच्या कपाळासमोर उभी राहिली आणि हातोडा दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. बत्तीस वर्षांपूर्वी काकाने जे केलं तेच ती करणार, याची मला खात्री होती. मी अडवलं नसतं. पण फेस्टीने घशातून एक आवाज काढला. शब्द नव्हता तो, शब्द करायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. तो रांगत आला आणि घोडीच्या पुढच्या पायाला, त्या सडक्या, गरम, पू वाहणाऱ्या पायाला त्याने मिठी मारली.

बाबीनने हातोडा खाली टाकला. मग ती घोडीच्या मागे गेली, तो डावा पाय एकटीने उचलला आणि नाल उरलेल्या खिळ्यांसकट ओढून काढला. खुराचा टवका त्याच्याबरोबर निघाला. मी ओरडत होतो की माणूस मरतोय, गाडीत बस.

"लोखंड इथे ठेवून नाही जायचं," ती म्हणाली.

मग ती गाडीत बसली. गॉलवेच्या इस्पितळापर्यंत फेस्टीचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि रक्त घशात जाऊ नये म्हणून ती ते दोन्ही हातांनी कुशीवर धरून होती. दुसऱ्या दिवशी परतताना तिने मला मॅनियनच्या भट्टीपाशी थांबायला लावलं, आत गेली, तो नाल ऐरणीवर ठेवला आणि मॅनियनच्या थोबाडीत मारली. मॅनियन तिच्या दुप्पट. त्याने मार खाल्ला, गाल चोळला आणि म्हणाला, खूर भिजलेत हे मी फेस्टीला सांगितलं होतं, पण तो रडायला लागला. मग त्याने तिला बसायला स्टूल दिलं. ती बसली नाही. पाचांतले उरलेले दोघे घोड्यांचे व्यापारी होते, त्यांचं एवढं काही नाही.

फेस्टीचा जबडा तारांनी बांधला होता. तो फेब्रुवारीपर्यंत इस्पितळात राहिला. तो हिवाळा बाबीनने एकटीने काढला. सकाळी कोंड्याचं गरम पोटीस मीठ घालून लीआच्या खुराला बांधायचं, त्यावर गोणपाट, त्यावर टायरच्या ट्यूबचा तुकडा. संध्याकाळी सोडायचं, पू दाबून काढायचा, पुन्हा बांधायचं. डिसेंबरात पू थांबला. मग मी एक दिवस बघितलं, ती पाठीवर टोपली घेऊन किनाऱ्यावरून येत होती. टोपलीत शिंपल्यांची वाळू होती. एका दिवसात अकरा खेपा. असं तीन आठवडे. घोडीच्या खोपटात तिने हातभर उंच वाळू पसरली. बेटावर ती घोडीला तरीही नेत होती, पण पुढे दोर धरून, स्वतः गोट्यांवरून चालत. काठी मला पुन्हा दिसली नाही.

मी एकदा टोपली घ्यायला गेलो. तिने या वेळी दिली.

"त्याला वाळू हवी होती," ती म्हणाली. "एवढंच मागितलं होतं त्याने. वाळू वाहायचा कंटाळा केला आणि भावाचं तोंड घालवलं मी."

मी म्हटलं, पत्रा माझा होता.

"पत्रा तुझा, नाल मॅनियनचा, हट्ट माझा," ती म्हणाली. "घोडीचं काही नाही."

फेस्टी परत आला तो अर्ध्या चेहऱ्याचा. त्याचं बोलणं कोणाला कळेना. दुकानात तो बोटाने दाखवायचा, आणि लोक बहिऱ्याशी बोलावं तसे त्याच्याशी मोठ्याने बोलायचे. एकट्या बाबीनला त्याचं कळायचं, किंवा ती तसं दाखवायची. तो लीआवर कधी चिडला नाही. येऊन पहिल्याच आठवड्यात त्याने तिचा मागचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला, आणि बाबीन घरात निघून गेली, बघायला थांबली नाही. पुढे दर पावसाळी हंगामात खूर कोरायचं काम त्याचंच झालं.

तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, मी गडग्यावर दगड रचत होतो. फेस्टी लीआचा तोच पाय घासत होता. बाबीन मिठाच्या पाण्याची बादली घेऊन येत होती. किनाऱ्यावर कोणीतरी बदकांवर बार टाकला. घोडी दचकली आणि तिने लाथ झाडली.

ती फेस्टीच्या छातीत बसली. तो उचलला गेला आणि पाठीवर चिखलात पडला. हलला नाही. बाबीनच्या हातून बादली सुटली. ती धावली नाही. तिचा हात स्वतःच्या कानाच्या वर, डोक्याच्या त्या जागी गेला आणि ती तशीच उभी राहिली, अकरा वर्षांची असताना दाराच्या चौकटीत उभी होती तशी. मी गडगा ओलांडून धावलो.

फेस्टीने डोळे उघडले. खोकला. एका कुशीवर वळला आणि बरगड्या धरून उठून बसला. कोटावर छातीच्या मधोमध चिखलाचा गोल ठसा होता, अख्ख्या खुराचा. तो घोडीकडे बघून काहीतरी बरळला, मग बाबीनकडे बघून आणखी काहीतरी. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

बाबीन चिखलात मटकन बसली आणि रडायला लागली. बाप गेला तेव्हा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, इस्पितळातही नाही. मी विचारलं, काय म्हणाला तो?

"चार शिव्या हासडल्या," ती म्हणाली. "आणि चहा टाक म्हणाला."

मग ती उठली, नाक बाहीला पुसलं आणि चहा टाकायला घरात गेली.